डोंगरातली गुहा एका दिवसात: उभी चढण कशी चढावी आणि उजेडात कशी उतरावी

गुहेच्या दारात पोचलं की माणसं 'आलो एकदाचे' म्हणत बसकण मारतात. बाटल्या रिकाम्या होतात, डबे उघडतात, फोटो सुरू होतात. पहिल्या खेपेला मीही हेच केलं. खानापूरच्या पश्चिमेकडच्या एका डोंगरावर आम्ही सहा जण दुपारी दोनला पोचलो आणि साडेतीनपर्यंत तिथंच रमलो. उतरताना निम्म्या वाटेवर माझा डावा गुडघा असा धरला की पाऊल खाली टाकायचं म्हटलं तरी डोळ्यांत पाणी यायचं. सहा वाजता ओढ्यातल्या झाडीत काळोख झाला. सहा जणांत बॅटऱ्या दोनच, त्यातली एक मिणमिणती. एरवी दोन तासांची ती उतरण आम्हाला पाच तास पुरली. पायथ्याच्या वस्तीत पोचलो तेव्हा साडेआठ वाजून गेले होते.

कुणाला काही झालं नाही, पण त्या रात्री एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. गुहेपाशी निम्मंच काम झालेलं असतं. उरलेलं निम्मं जास्त अवघड असतं, आणि ते दमलेल्या पायांनी करायचं असतं. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या उतरणीला नजरेसमोर ठेवून लिहिल्या आहेत.

आधी डोंगर निवडा, आणि कुठं जायचं नाही तेही ठरवा

बेळगावातून खानापूर साधारण पंचवीस किलोमीटर. तिथून पश्चिमेला जांबोटी, कणकुंबी, चोर्ला आणि दक्षिणेला लोंढा, तिनईघाट, पुढे जोयड्याचं जंगल. या पट्ट्यात गुहा, कपारी बऱ्याच आहेत. आपल्या घरांच्या भिंतीत जो लाल जांभा असतो, तोच डोंगरमाथ्यावर टोपीसारखा पसरलेला आहे. वरचा थर उन्हापावसात तापून-भिजून लोखंडासारखा टणक झालेला, खालची माती मऊ. पावसाचं पाणी भेगांतून झिरपतं, खालची माती हळूहळू वाहून नेतं, आणि वरचा टणक थर छतासारखा तसाच राहतो. जांभ्यातल्या गुहा बहुतेक अशाच तयार होतात. म्हणूनच त्या डोंगराच्या अगदी वर, माथ्याच्या खालच्या अंगाला सापडतात आणि शेवटची चढण हमखास उभी असते.

तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांबद्दल तुम्ही ऐकलं असेल. तिथं जाण्याचा बेत करू नका. 'रॉटनचं मोकळ्या शेपटीचं वटवाघूळ' या जातीची नोंद जगात पहिल्यांदा झाली ती याच गुहांमधल्या नमुन्यांवरून, १९१३ साली. पुढं कितीतरी वर्षं त्याचा दुसरा ठावठिकाणा कुणाला माहीत नव्हता. नंतर मेघालयात आणि कंबोडियात ते सापडलं, तरी आजही ते अत्यंत दुर्मीळ आहे आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात त्याला जागा आहे. २०११ साली भीमगड अभयारण्य जाहीर झालं, ते या भागातल्या अशा ठेव्यासाठीच. अभयारण्यात परवानगीशिवाय पाऊल टाकणं १९७२ च्या कायद्यानं गुन्हा आहे. आणि कायदा नसता तरी, खानापूरच्या माणसाला आपल्या दारातली ही ठेव सांभाळायचा अभिमान वाटायला हवा असं मला मनापासून वाटतं.

अभयारण्याच्या बाहेरही बरंचसं जंगल राखीव आहे. आठवडाभर आधी त्या भागाच्या रेंजर ऑफिसात जाऊन विचारा: ही वाट खुली आहे का, परवानगी कुणाकडून घ्यायची, सोबत गार्ड किंवा गावचा वाटाड्या घ्यावा लागतो का. लेखी मिळालं तर उत्तम. पाट्या बहुधा कन्नडमध्ये असतात. 'प्रवेश निषेधिसलागिदे' असं लिहिलेलं दिसलं तर तिथून मागं फिरायचं. गुहेला कन्नडमध्ये 'गवि' म्हणतात, तेव्हा गार्डाला किंवा पलीकडच्या गावातल्या माणसाला 'गवि एल्लि?' विचारलं की चटकन कळतं.

मी ज्या गुहेकडे वर्षातून दोन-तीनदा जातो तिचं नाव इथं मुद्दाम देत नाही. तिथंही वटवाघळं राहतात आणि नाव पसरलं की रविवारी पन्नास गाड्या लागतात. पहिल्यांदाच चढणार असाल तर सीमेपलीकडे चंदगड तालुक्यातला महिपालगड बघा. पायथ्याला देवरवाडीचं वैजनाथ, वर गडावर माणसांची वस्ती. वाट चुकण्याची भीती कमी आणि बेळगावपासून जवळ. तिथं दोन खेपा झाल्या की मग आडजंगलातला डोंगर.

महिना

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेर. पावसाळ्यात कणकुंबी-आमगावचा पाऊस कर्नाटकात सर्वांत जास्त पडणाऱ्या पावसांत मोडतो. ओढे तासाभरात भरतात, जांभ्यावर शेवाळ धरतं. ऑक्टोबरात गवत कमरेएवढं असतं, पाय कुठं पडतोय ते दिसत नाही. मार्चनंतर ऊन आणि वणवा.

घड्याळ उलटं फिरवा

डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहा-सव्वासहाला मावळतो. पण डोंगराच्या पूर्व उतारावर असाल तर साडेचारलाच सावली पडते, आणि दाट झाडीच्या ओढ्यात पाच वाजता बॅटरी लागते. म्हणून हिशोब असा: पायथ्याच्या वस्तीत चारच्या आत परत. आता तिथून मागं मोजत या.

नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ साली एक साधा नियम सांगितला, तो अजून वापरात आहे. सपाटीला तासाला पाच किलोमीटर धरा आणि दर सहाशे मीटर उंचीला एक तास वाढवा. समजा गुहा पायथ्यापासून चार किलोमीटरवर आणि साडेचारशे मीटर उंचीवर आहे. चार किलोमीटरला पाऊण तासाहून थोडं जास्त, उंचीला पाऊण तास, म्हणजे दीड तास. हा सराव असलेल्या, एकट्या, चांगल्या वाटेवरच्या माणसाचा वेळ झाला. आपल्या घोळक्यात एक मावशी, एक कॉलेजचा पुतण्या आणि ऑफिसात बसून काम करणारे दोघं असतील तर सरळ दुप्पट करा: तीन तास. उतरायला अडीच. गुहेपाशी एक. झाले साडेसहा. त्यावर दीड तास हातचा ठेवा: कुणाचा पाय मुरगळला, वाट चुकली, यासाठी. एकूण आठ. म्हणजे पायथ्यापासून सकाळी आठला पाऊल उचललं पाहिजे आणि बेळगावातून सहाच्या आत निघालं पाहिजे.

या हिशोबातून एक वेळ पक्की होते, ती सगळ्यांना आदल्या रात्रीच सांगून ठेवा: बरोबर बारा. बारा वाजता जिथं असाल तिथून मागं वळायचं. गुहा समोर दिसत असली, दहा मिनिटांवर असली तरी. आमच्यात यावरून एकदा चांगलाच वाद झाला. शेवटी गुहा न बघताच उतरलो, दोघं आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. पुढच्या महिन्यात तेच दोघं पुन्हा आले, वेळेत पोचले आणि गुहा बघून उतरले. डोंगर कुठं जात नाही.

पंधरा दिवस आधी पाय तयार करा

चढायला दम लागतो, उतरायला मांड्या लागतात. उतरताना मांडीचा स्नायू ताणत-ताणत वजन पेलतो, आणि रोजच्या सपाट चालण्यात त्याला ही सवय होत नाही. दुसऱ्या दिवशी संडासला बसताना जी बोंब होते ती याचीच. म्हणून सराव उतरण्याचा करा. घरात, ऑफिसात जिने असतील तर रोज दहा मजले सावकाश उतरा, पाय धाडकन न टाकता. रविवारी येळ्ळूरचा राजहंसगड. आता गाडी वरपर्यंत जाते, पण तुम्ही गावातून पायी चढा, पाठीवर तीन लिटर पाणी घेऊन. दोनदा चढून-उतरून गुडघ्यानं तक्रार केली नाही तर तुम्ही तयार आहात. तक्रार केली तर महिनाभर थांबा. गुडघ्याचं दुखणं अंगावर काढून डोंगरावर जाऊ नये.

पिशवीत काय

पाणी माणशी तीन लिटर, एका मोठ्या बाटलीऐवजी तीन बाटल्यांत. नियम असा की गुहेपाशी पोचताना निम्मं शिल्लक हवं. वाटेतल्या ओढ्याचं पाणी न उकळता प्यायचं नाही. गुहेत छतातून ठिबकणारं पाणी काचेसारखं नितळ दिसतं, तेही नाही. त्याच छताला वटवाघळं लटकलेली असतात. एका लिटरच्या बाटलीत सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घरूनच मिसळून न्या. घाम गाळून पायात गोळे यायला लागले की नुसत्या पाण्यानं भागत नाही.

जेवण हलकं: ज्वारीची कडक भाकरी, शेंगाचटणी, गूळ-शेंगदाणे, केळी. कडक भाकरीचं एक बरं आहे, दिवसभर पिशवीत राहिली तरी बिघडत नाही. तेलकट पुरीभाजी गुहेपाशी खाल्ली तर उतरताना डोळे मिटायला लागतात.

बूट. यावर मी सगळ्यांत जास्त आग्रही आहे. तळव्याला खोल खाचा हव्यात, बूट आधी निदान चाळीस-पन्नास किलोमीटर चाललेला हवा आणि पुढं अंगठ्याला बोटभर जागा हवी. कारण उतरताना अख्खं पाऊल बुटात पुढं सरकतं आणि जागा नसेल तर अंगठ्याचं नख काळं पडून गळतं. कपाटात पाच वर्षं पडलेला बूट नेऊ नका. त्याचा गोंद वाळलेला असतो, तळवा डोंगरातच सुटतो. मोजे दोन जोड, पँट लांब, पायजमा चालेल, हाफ पँट नाही.

बॅटरी प्रत्येकाला स्वतःची, डोक्याला बांधायची. मोबाइलचा उजेड बॅटरी म्हणून धरू नका. वाट दाखवायला, कुणाला बोलवायला तोच फोन लागणार आहे, आणि शिवाय एक हात अडकतो. गुहा धुंडाळणारी जाणती माणसं माणशी तीन उजेड नेतात. आपण गुहेत खोल जाणार नाही, तरी डोक्याची एक आणि खिशातली छोटी एक एवढं हवंच. सेल नवे.

याशिवाय शिट्टी, हातात काठी, क्रेप बँडेज, जंतुनाशक, नेहमीची औषधं, साधं रुमालाएवढं फडकं आणि कचरा परत आणायला रिकामी पिशवी. वाटेचा नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा, जंगलात रेंज येते-जाते. अत्तर, सुगंधी तेल लावून येऊ नका. का ते पुढं येतंच.

शेवटच्या घरी सांगा

डोंगराच्या पायथ्याला बहुतेक एखादा गवळीवाडा असतो, चार-सहा घरांचा. वाटेतलं शेवटचं घर असेल तिथं थांबा, नमस्कार करा, पाणी मागा, आणि कुठं निघालात ते सांगा.

आमच्या त्या पहिल्या खेपेला एक आजी अंगणात शेण सारवत होत्या. मान वर न करताच त्यांनी विचारलं, "कुठं निघालासा रे पोरानो?"

"वर गुहेकडं, आजी."

"येतेवेळी हिकडनंच येणार न्हवं?"

मी घाईत हो म्हणालो आणि पुढं झालो. रात्री साडेआठला आम्ही उतरलो तेव्हा त्यांचा नातू कंदील घेऊन ओढ्यापर्यंत आला होता. आजींनी सहा जण वर गेलेले मोजले होते, खाली कुणी आलेलं नव्हतं. तेव्हापासून मी त्या घरी तीन गोष्टी नेमानं सांगतो: आम्ही किती जण, किती वाजता परत, आणि कुठल्या वाटेनं. येताना पुन्हा तिथं थांबून 'आलो आजी' म्हणतो. शहरात घरीही कुणाला तरी हीच माहिती देऊन ठेवायची. 'सहापर्यंत फोन आला नाही तर ११२ ला कळव' इतकं स्पष्ट.

त्याच घरी दोन प्रश्न विचारा. गव्यांचा कळप सध्या कुठल्या अंगाला आहे? वर आग्यामोहोळ लागलंय का? त्यांना रोज माहीत असतं.

चढताना

पहिला अर्धा तास मुद्दाम सावकाश. सगळे ताजे असतात, सुसाट सुटतात आणि पहिल्या उभ्या टप्प्यावर फेस येतो. गती बरोबर आहे की नाही हे ओळखायची खूण सोपी: चालता-चालता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. शब्द तुटत असतील तर हळू व्हा. सर्वांत हळू चालणाऱ्याला दुसऱ्या नंबरवर ठेवा, शेवटी नको. शेवटचा माणूस अनुभवी हवा.

उभ्या टप्प्यावर पावलं अर्धी करा. पूर्ण तळवा टेकवा, चवड्यांवर चढलात तर पोटऱ्या भरून येतात. सरळ वर न जाता नागमोडी जा. दर पावलाला मागचा गुडघा क्षणभर सरळ करून वजन हाडावर टाका, मग पुढचं पाऊल. म्हातारे गवळी डोक्यावर गवताचा भारा घेऊन असेच चढतात, एका लयीत, न थांबता. पन्नास मिनिटांनी पाच मिनिटं विसावा, उभ्या-उभ्याच. बसलात की अंग थंड होतं.

जांभ्याच्या उतारावर एक गोष्ट फसवते. सुटे लाल खडे वाटेवर पसरलेले असतात, गोल, वाटाण्याएवढे. सकाळच्या दवानं ओले असले की त्यांवर पाय ठेवणं म्हणजे सांडलेल्या ज्वारीवर पाय ठेवण्यासारखं. तिथं वाटेच्या कडेला, गवताच्या मुळाशी पाऊल टाका. आधाराला कारवीची वाळकी काठी धरू नका, कडकन मोडते. जिवंत झुडूप धरायचं ते बुंध्याशी, आणि धरण्याआधी हात कुठं जातोय ते बघायचं. दगडाच्या फटीत, न दिसणाऱ्या कंगोऱ्यावर हात घालायचा नाही. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, फुरसं हा विषारी साप असतो, आणि तो खड्यांच्या रंगाचाच असतो.

एकाच्या डोक्यावर दुसरा येईल असं चढू नका. पायाखालून दगड सुटला तर कितीही लहान असो, 'दगड!' म्हणून मोठ्यानं ओरडायचं. खालच्यानं वर बघायचं नाही, डोकं पिशवीखाली घेऊन डोंगराला चिकटायचं.

बोलत चाला. गाणी लावू नका, पण आवाज असू द्या. अस्वलाला आणि गव्याला आपली चाहूल आधी लागली तर ती जनावरं स्वतःहून बाजूला होतात. वळणावर अचानक समोरासमोर आलो तरच अपघात होतात.

गुहेच्या दारात

पोचल्याबरोबर आत जाऊ नका. तीस-चाळीस पावलं अलीकडे थांबा, सगळे एकत्र या, गप्प व्हा.

आधी वर बघा. कड्याच्या छपराखाली काळपट, अर्धगोल पोळी लटकलेली दिसली तर ते आग्यामोहोळ. तिथूनच मागं फिरायचं. अत्तर नको, धूर नको, बिडी नको असं म्हणतो ते यासाठीच.

मग खाली बघा. गुहेच्या तोंडाशी माती मऊ असते, पाऊस तिथं लागत नाही, म्हणून ठसे चांगले उमटतात. साळिंदराचे काटे पडलेले असतील. अस्वलाचा मागचा ठसा माणसाच्या अनवाणी पावलासारखा दिसतो, फक्त पुढं लांब नखांच्या खुणा. वाटेत वारूळ खोलवर उकरलेलं दिसलं असेल तर तेही त्याचंच काम. अस्वलाची मादी नोव्हेंबर ते जानेवारीच्या सुमारास गुहेत, कपारीत विते आणि दोन-तीन महिने पिल्लांजवळ राहते. आपल्या चढाईचा महिना आणि तिच्या बाळंतपणाचा महिना एकच. ताजे ठसे, उग्र वास, आतून कुईकुई किंवा फुरफुर, यातलं काहीही जाणवलं तर न बोलता, तोंड गुहेकडे ठेवून मागं मागं सरकत निघायचं. पळायचं नाही.

सगळं ठीक असेल तर दारापर्यंत जा. माझ्या नेहमीच्या गुहेत या जागी नेहमी एक गोष्ट होते: दहा पावलं आधी घाम गळत असतो आणि एकदम घोट्यांना थंडगार हवा लागते, जणू कुणी माठ उघडा ठेवलाय. छत मधाच्या पोळ्यासारखं भोकाभोकांचं, वडाची मुळं कडेवरून खाली लोंबलेली, आणि आत कुठंतरी थेंब पडतोय: टप, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा टप.

बाहेरचा उजेड पोचतो तिथपर्यंतच जायचं. ही मर्यादा मी कधीच ओलांडत नाही. एक कारण आपलं: आतल्या काळोखात खड्डे असतात, सुटं छत असतं, कोंडलेली हवा असते. वटवाघळांच्या वाळक्या विष्ठेत वाढणारी बुरशी धुळीबरोबर छातीत गेली तर फुप्फुसांना आजार होतो. दमा असलेल्यांनी दारातच थांबावं, बाकीच्यांनीही पायानं धूळ उडवू नये. बॅटरीच्या उजेडात ती विष्ठा जवळून बघा, चमकते. चमकतात ते किड्यांच्या पंखांचे तुकडे. रात्रभर हे जीव आपल्या भातशेतीवरचे, झाडांवरचे किडे खातात.

दुसरं कारण त्यांचं. दिवसा ती विसावलेली असतात. उजेड, आरडाओरड, फ्लॅश यांनी एकदा उडाली की साठवलेली ताकद फुकट जाते, आणि पिल्लांच्या दिवसांत पोटाशी धरलेली पिल्लं खाली पडतात. खाली पडलेलं पिल्लू बहुधा वाचत नाही. म्हणून फ्लॅश बंद, बॅटरी छताकडे नाही, आवाज कुजबुजीचा.

गुहेत देव असेल, शेंदूर लावलेला दगड, एखादी पणती, तर बूट बाहेर काढा, फूल वाहा, हात जोडा. उदबत्ती, कापूर पेटवू नका. धूर गुहेतच कोंडतो. भिंतीवर नाव कोरणं हा तर त्या गावाचा अपमान आहे.

जेवायला गुहेपासून लांब, मोकळ्यावर बसा. एक तास झाला की उठा.

उतरताना

निघण्याआधी पाच कामं करायची, आणि बसल्या जागीच करायची. बुटाची नाडी घोट्यापाशी घट्ट आवळा, म्हणजे अंगठा पुढं आदळणार नाही. ओले मोजे बदला. काठी वरच्या टोकाला धरा, चढताना धरता त्यापेक्षा लांब. मीठ-साखरेचं पाणी अर्धी बाटली. आणि डोक्याची बॅटरी वरच्या कप्प्यात, ऊन असलं तरी.

गुडघे कधीही पूर्ण ताठ करू नका, किंचित वाकलेले ठेवा. भीती वाटली की शरीर मागं झुकतं आणि तेव्हाच टाच सटकते. अंग थोडं पुढं, नजर तीन पावलं पुढं. उभ्या टप्प्यावर आडवं व्हा, पाऊल उताराला आडवं ठेवून एक-एक उतरा. फारच उभं असेल तर डोंगराकडे तोंड करून, शिडी उतरतो तसं. बसून घसरत उतरणं हा कमीपणा नाही, पँट फाटेल एवढंच. काठी आधी टेकवायची, मग पाय. उड्या मारत उतरणाऱ्या पोरांना आवरा. माझा गुडघा गेला तो अशाच तीन उड्यांनी.

दर वीस मिनिटांनी थांबून मागं वळून बघा. उतरताना वाटा फुटतात, गुरांच्या वाटा माणसांच्या वाटेपेक्षा रुंद असतात आणि त्या ओढ्यात नेऊन सोडतात. चढतानाच अशा फाट्यांवर फोटो काढून ठेवले असतील तर आता उपयोगी पडतात. वाट चुकली असं वाटलं तर खाली उतरत राहू नका. शेवटची ओळखीची जागा गाठा. ओढा धरून उतरायचा मोह सगळ्यांना होतो, आणि ओढा पुढं धबधब्याच्या कड्यावर जाऊन थांबतो.

काही झालंच तर

साप चावला तर जखम कापू नका, चोखू नका, करकचून दोरी बांधू नका. अंगठी, घड्याळ काढा, तो पाय किंवा हात काठ्यांना बांधून हलणार नाही असा करा, माणसाला चालवू नका, उचलून आणा आणि थेट खानापूर किंवा बेळगावच्या सरकारी दवाखान्यात न्या. साप मारून सोबत आणायची गरज नाही. माश्या उठल्या तर तोंड झाकून, दाट झुडपांतून सरळ पळत सुटा. हात झटकू नका. काटे लवकरात लवकर काढा. पाय मुरगळला तर बूट काढू नका, सूज येते आणि पुन्हा घालता येत नाही. बुटावरूनच क्रेप बँडेज बांधा. मदतीला १०८ आणि ११२.

घरी आल्यावर

दारातच कपडे काढून गरम पाण्यात टाका आणि आंघोळीच्या वेळी अंग नीट तपासा: गुडघ्याच्या मागं, काखेत, कमरेला, कानामागं. गोचीड चिकटलेली दिसली तर चिमट्यानं कातडीजवळ धरून सरळ ओढा. रॉकेल, चुना लावू नका. माकडताप या गोचिडींतूनच येतो. १९५७ साली शिवमोग्ग्याच्या क्यासनूर जंगलात तो पहिल्यांदा ओळखला गेला, पुढं उत्तर कन्नड, गोव्याचं सत्तरी, सिंधुदुर्गातलं दोडामार्ग इथवर पोचला. त्याचा काळ डिसेंबर ते मे. जंगलात मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, फॉरेस्टवाल्यांना कळवा. आणि डोंगरावरून आल्यावर आठ-दहा दिवसांत कडक ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू झाली तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की जंगलात जाऊन आलो होतो, अमुक तारखेला.

दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतील. दोन दिवस हलकं चाला, जिने कठड्याला धरून उतरा.

आणि शेवटच्या घरच्या आजींना फोन नसेल, तर पुढच्या बाजाराच्या दिवशी खानापुरात त्यांच्या गावचं कुणी भेटलं की निरोप द्या: सगळे नीट पोचलो म्हणून.